ते पाणी कोण पितं?

ग्रेसच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, माझ्या दारात पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. टँकरला झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि पोटावर हे एवढं बॅनर: 'कु. ग्रेस हिच्या शुभविवाहास दांडेबंदर ऊर्जा टर्मिनलतर्फे हार्दिक शुभेच्छा.' माझ्या लेकीचं नाव, टँकरच्या पोटावर!

ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "मावशी, पाइप कुठे सोडू?"

मी म्हटलं, "माझ्या डोक्यावर सोड."

बिचारा दचकला. त्याची काय चूक म्हणा, पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि समोर तोच होता. मांडवात केळीचे खांब बांधत असलेला माझा नवरा कॉस्मास शिडीवरून बघत होता. एक शब्द बोलेल तर शपथ. गेलं वर्षभर हा माणूस असाच तोंड शिवून बसलाय.

तुम्हाला वाटेल, बाई वेडी आहे. तिकडे दिवा स्टेशनच्या बाजूला लोक हंडे घेऊन टँकरमागे पळतात आणि हिच्या दारात फुकटचा आला तर ही बोंब मारते. पण आमच्याकडे टंचाई नाहीच मुळी. नळाला दोन्ही वेळ पाणी येतं. मी कंपनीकडे पाणी मागितलंच नव्हतं हो. मी मागितलं होतं आमच्याच विहिरीवर जायला, एका संध्याकाळपुरतं. त्याचा त्यांनी हा टँकर केला.

आम्ही ईस्ट इंडियन, इथलेच मराठी ख्रिस्ती. पोर्तुगिजांच्या वेळेला आमचे लोक बाटले म्हणतात. बाटले असतील, पण हळद नाही सोडली, आणि उंबराचं पाणी तर नाहीच नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून आम्ही बायका विहिरीवर जातो. विहिरीच्या काठाला उंबर असतो. तिथे विडा ठेवायचा, दारूचे दोन थेंब सोडायचे, गाणी म्हणायची, कळश्या भरायच्या आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. नवऱ्याच्या घरी नवऱ्याला. कॉस्मास या विहिरीच्या पाण्याने न्हाला, त्याचा बाप न्हाला, त्याच्या सगळ्या बहिणी न्हाल्या. लग्न चर्चमध्ये फादर लावतात, पण नवरी होते ती त्या पाण्याने. रिकाम्या कळश्या घेऊन परत आलेली वरात आमच्या गावात कुणी पाहिलेली नाही.

विहीर आहे दांडेबंदरावर. म्हणजे होती बंदरावर, आता आहे कंपनीत. कळव्याच्या खाडीवरचं आमचं हे बंदर जुनं. आधी मिठाची गलबतं लागायची, मग रेतीची, आणि आमच्या मासेमारीच्या होड्या तर कायमच्या. आता तिथून समुद्रात माल जाणार. आत खोल समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत, पुढे म्हणे पवनचक्क्यासुद्धा उभ्या करणार. त्यांना लागणारे पाइप, सिमेंट, डिझेल, माणसं, सगळं इथून बार्जवर चढवायचं. खाडीतला गाळ काढला, नवा धक्का बांधला, भोवती पत्र्याचं कुंपण ठोकलं. कुंपणावर मोठं चित्र रंगवलंय. निळा समुद्र, पांढऱ्या पवनचक्क्या, हसणारी पोरं, आणि खाली लिहिलंय, 'खोल समुद्रातल्या विहिरींच्या सेवेत'. मी बाजाराला जाताना रोज वाचते आणि रोज माझं डोकं फिरतं. समुद्रातल्या विहिरींची सेवा करायला आमची विहीर गिळली मेल्यांनी!

आणि गिळायला दिली कुणी? माझ्या नवऱ्याने.

कंपनीची दोन पोरं आली होती, गळ्यात कार्ड लटकवून. कुंपण ठोकायच्या आधीची गोष्ट. घरोघर फिरत होती. मी ओट्यावर जवळा निवडत होते. त्यांनी कॉस्मासला विचारलं, "काका, बंदरावर ती विहीर आहे ना, तिचं पाणी पिता का तुम्ही?"

कॉस्मास असा हसला, असा हसला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "ते पानी कोन पितं रं? घरात नळ हाय की!"

पोरंही हसली. त्यांना चहा मिळाला, वर बोंबलाची भजी मिळाली, आणि ती निघून गेली.

आता तुम्हीच सांगा, तो खोटं बोलला का? नाही ना. उंबराचं पाणी आम्ही पीत नाही. ती लग्नाची विहीर. तिचं पाणी पिता का असं विचारणं म्हणजे नवरीच्या डोक्यावरचा जाळीचा वेल डोळे पुसायला वापरता का असं विचारणं. कुणीही हसेल. आमच्या गावातला कुणीही तेच बोलला असता. पण बोलला हा. आणि त्या पोरांनी आपल्या साहेबांना जाऊन सांगितलं, विहीर वापरात नाही. मग पत्र्याचं कुंपण विहिरीला वळसा घालून गेलंच नाही, विहिरीला पोटात घेऊन गेलं.

तेव्हापासून मी या माणसाशी धड बोललेली नाही. जेवायला वाढते, औषध देते, मासे आण म्हणून सांगते. पण त्याच्याकडे बघितलं की ते हसणं माझ्या कानात वाजतं. एकदा मी त्याला म्हटलंसुद्धा, "तुला दात दाखवायला तीच वेळ सापडली होती का रे?" त्याने ताटातला हात काढून घेतला आणि उठून गेला.

ग्रेसचं लग्न ठरलं तेव्हा मीच पदर खोचला. खोपटला, डेपोच्या मागे, कंपनीचं ऑफिस आहे. तिथे नीरजा मॅडम बसतात. गावाशी बोलायचं काम त्यांचं. डोंबिवलीच्या आहेत, बोलणं एकदम स्वच्छ, साडी कडक. मला आधी चहा दिला. मी सगळं सांगितलं, उंबर, कळश्या, बँड. त्यांनी मान डोलवत ऐकलं.

मग म्हणाल्या, "काकू, तुमच्या भावना समजतात मला. पण आमच्या माहितीप्रमाणे ती विहीर वापरात नाही."

"लग्नाला वापरतो ना."

"हो, पण नियमित वापर नाही ना? वर्षातून किती वेळा लागते?"

"लग्नं असतील तितक्या वेळा."

"पिण्याचं पाणी असतं तर प्रश्नच नव्हता. पिण्याच्या पाण्याला आम्ही हातच लावत नाही. कंपनीचा तसा नियमच आहे. पण तुम्हीच सांगितलंत की ते कोणी पीत नाही."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुमच्या घरी देवघर आहे?"

"आहे."

"त्यात गंगेचा गडू आहे? सील केलेला?"

"आहे. सासूबाईंनी काशीहून आणलेला."

"रोज पिता त्यातलं?"

बाईंनी समोरच्या चष्म्याची काडी उघडली, मिटली. मला वाटलं, पोचलं. त्या म्हणाल्या, "मी वर बोलते, काकू. तुमच्या मुलीच्या लग्नाला पाणी कमी पडणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं." मी मूर्खासारखी त्यांचे आभार मानून आले. वाटेत खोपटच्या स्टँडवरून कळव्यापर्यंत मनात गाणी म्हणत आले, उंबराची.

त्या बोलण्याचा हा टँकर झाला. पाणी कमी पडणार नाही! अगं बाई, माझी पोर काय फायर ब्रिगेडचं लग्न करतेय?

"परत ने," मी ड्रायव्हरला सांगितलं. "मॅडमना म्हणावं, बॅनर तेवढं काढून ठेवा, पोतेरं होईल."

तेवढ्यात माझा ॲड्रियन धावत आला. ग्रेसचा धाकटा भाऊ. कंपनीच्या यार्डात क्रेनवर लागलाय, पिवळं हेल्मेट मिळालंय, त्यामुळे कंपनीला कुणी काही बोललं की याचा जीव वरखाली होतो. "मम्मी, प्लीज तमाशा नको ना करू. त्यांनी चांगल्या मनाने पाठवलाय. आणि ऐक ना, यावेळी उंबराचं पाणी गावच्या नळावरून आणू या का? फादरनी आशीर्वाद दिला की झालं."

"नळाला उंबर आहे?"

"विहिरीला तरी कुठे राहिलाय? तोडला ना तो गेल्या महिन्यात."

असं म्हणाला आणि त्याने जीभ चावली. मला माहीतच नव्हतं. कुंपणाच्या बाहेरून शेंडा दिसायचा तो काही दिवस दिसत नव्हता, मला वाटलं मध्ये कंटेनर आलेत.  शिडीवर कॉस्मासचे हात थांबले. तो खाली उतरला आणि घरात गेला.

आत ग्रेस हळद लावून बसली होती. दारातून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मम्मी, कुठलंतरी पाणी नको आणूस हं." लहानपणापासून हट्ट न करणारी पोर. तिने मागून मागून काय मागितलं, तर चार पिढ्या न मागता मिळालेली गोष्ट.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. बँड पुढे, मागे आम्ही बायका लुगडी नेसून, डोक्यावर फुलं लावलेल्या कळश्या. माझ्या नणंदा गात होत्या. ॲड्रियन मागे मागे, खाली मान घालून. आणि सगळ्यात पुढे, बँडच्याही पुढे, कॉस्मास. हातात दोरी बांधलेली बादली आणि खिशात तांब्या. मला नवलच वाटलं, कारण उंबराला पुरुष मागे चालतात. 

गेटवर धनेश होता, सिक्युरिटीचा. दिव्याला राहतो, चांगला पोरगा आहे. हात जोडून म्हणाला, "मावशी, माझी नोकरी जाईल ओ. सोमवारी ती विहीर बुजवणारेत, आत मातीचे ढीग टाकलेत. कोणाला सोडू नको म्हणून सांगितलंय."

"बुजवणारेत?"

"भरणी टाकून लेव्हल करणार. डिझेलच्या पिंपांना जागा पाहिजे."

बँड आपोआप बंद पडला. क्लॅरिनेटवाला तेवढा थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला, मग त्यालाही कळलं. माझ्या तोंडून त्या वेळी जे निघालं ते मी इथे सांगत नाही. रविवारी मला चर्चमध्ये कम्युनियन घ्यायचं होतं. पण एवढं सांगते, की गेटचा पत्रा मी दोन्ही हातांनी बडवला. आवाज एवढा झाला की आतून नीरजा मॅडमच आल्या. डोक्यावर हेल्मेट, हातात वॉकी-टॉकी. पहिली मोठी बार्ज लागायची होती म्हणून त्या तिथे होत्या.

"काकू, टँकर परत का पाठवलात? मला खरंच वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. आणि खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. तेच तर जास्त झोंबलं.

"तुमच्या सासूबाईंचा गडू फुटला तर मी तुम्हाला बिसलेरी पाठवीन. चालेल?" मी म्हटलं. "गेट उघडा. आम्ही पाणी भरणार आणि जाणार. नाहीतर इथेच बसू. लग्न इथेच लागेल, तुमच्या बार्जसमोर. फादरना इथेच बोलावते."

त्यांनी मागे बार्जकडे बघितलं, आमच्या कळश्यांकडे बघितलं, आणि धनेशला खूण केली. "लवकर आटपा, काकू. फोटो काढू नका."

आत गेलो. काय सांगू! उंबराचं खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापलेलं. विहिरीवर लोखंडी पत्रा टाकलेला. एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला निळी पिंपं, रांगेने, विहिरीला जवळजवळ चिकटून, आणि डिझेलचा वास तर सगळ्या यार्डालाच. माझ्या नणंदेने खोडावरच विडा ठेवला. गाणं कुणाला फुटेना. कॉस्मासने आणि धनेशने मिळून पत्रा बाजूला ओढला. कॉस्मासने बादली सोडली.

बादली वर आली. तांब्या खिशातून काढून त्याने बादलीत बुडवला आणि नीरजा मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "पिन्याचं पानी असंल तर तुमी हात लावत नाय. बरोबर?"

"काका, नियम तसा आहे, पण..."

"तुमच्या पोरांनी मला इचारलं, हे पानी पिता का. मी हसलो. चुकलं माझं. हे बगा, पितो."

आणि त्याने तांब्या तोंडाला लावला. घटाघट दोन घोट गेले. उंबराचं पाणी! जे त्याच्या बापाने कधी ओठाला लावलं नाही, ते तो सगळ्या गावासमोर पीत होता. बायकांनी "जेजू!" म्हणून छातीवर क्रूस काढला.

"काका, नका पिऊ!" नीरजा मॅडम किंचाळल्या. वॉकी-टॉकी खाली पडला. "नका पिऊ, त्यात डिझेल गेलंय!"

 धक्क्यावर कुठेतरी क्रेन पीं-पीं करत होती. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडला होता, आणि बँडवाल्यांसकट सगळ्यांनी ऐकला होता.

मी पुढे झाले आणि कॉस्मासच्या हातावर फटका मारला. तांब्या उडून खोडावर आपटला. "मरायचंय का तुला? उद्या लेकीचा हात कोण धरणार अल्तारापर्यंत?" मी ओरडले. वर्षभरात त्याच्याशी इतकं सरळ मी बोलले नव्हते. तो ओठ पुसत माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं, डिझेलमुळे की कशामुळे देव जाणे. आणि माझा त्याच्यावरचा सगळा राग, वर्षभर सांभाळलेला, तिथल्या तिथे जागा बदलून गेला.

"कधीपासून?" मी मॅडमना विचारलं.

त्यांनी खाली पडलेला वॉकी-टॉकी उचलला. ॲड्रियन बोलला. "पावसाळ्यापासून, मम्मी. पिंपं लीक झालेली. आम्हाला सांगितलेलं, विहीर बंदच आहे, बोभाटा करू नका."

"आणि तू नाही केलास."

त्याने मान वर केली नाही. मी त्याला मारलं नाही. मारण्याइतका तो मला त्या क्षणी जवळचा वाटला नाही, आणि हे मी त्याची आई म्हणून सांगते.

"काकू, मी साफ करायला सांगत होते," नीरजा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ते म्हणाले, बुजवायचीच आहे तर खर्च कशाला."

"बुजवून काय, डिझेल मरतं? तुमचं पाप तेवढं झाकतं," मी म्हटलं. "भरा गं कळश्या."

"ह्या पाण्याने?" माझी नणंद म्हणाली.

"ह्याच. रिकामी वरात नेणार नाही मी."

भरल्या. प्रत्येक कळशीत वर रंगीत तवंग. बँडवाल्यांना म्हटलं, वाजवा, फुकट नाही आणलं तुम्हाला. त्यांनी वाजवलं, आणि आम्ही गात गात घरी आलो. इतक्या मोठ्याने मी माझ्या लग्नातही गायले नव्हते. गात कसली होते, शिव्याच देत होते, फक्त चालीत.

ग्रेस पाटावर बसली. कळशी जवळ नेताच तिच्या नाकाला वास गेला. तिने माझ्याकडे बघितलं. "आपल्या विहिरीचं?"

"आपल्याच. पण घाण झालंय गं, बाय."

"पायांवर ओत. पायांवर चालेल."

मी पायांवर ओतलं. हळद ओघळत गेली. एवढंच, थोडंसंच. बाकीची अंघोळ नळाच्या पाण्याने झाली. ग्रेसने खालून माझं मनगट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिच्या बाजूला गुडघे टेकले तेव्हा पांढऱ्या गाऊनखालून मला तो वास आला. साबणाने तीनदा धुऊनही. कॉस्मास रात्रभर ओकला होता, चेहरा पांढराफटक, पण लेकीचा हात धरून ताठ चालला. मी त्याचा दुसरा हात धरला. फादर थोडे चपापले, आई बापाबरोबर चालत नाही म्हणून. चपापू देत.

सोमवारी सकाळी आम्ही बायका गेटवर जाऊन बसलो. मातीचा डंपर आला नाही. शनिवारचं सगळं कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये होतं, फोटो काढू नका सांगूनही. नीरजा मॅडमनी की आणखी कुणी, मला माहीत नाही, पण काम थांबवलं होतं. आत जायला मज्जाव नव्हता. कॉस्मास आणि मी गेलो.

विहिरीवर नवीन पाटी ठोकली होती. लाल अक्षरात: 'सावधान. हे पाणी पिऊ नये.'

मी संतापले. आता? आता सांगताय? विष कालवून झाल्यावर पाटी! मी ती उपटायला हात घातला तर कॉस्मासने मला धरलं. तो पाटीसमोर उभा राहून एकेक अक्षर वाचत होता, ओठ हलवत.

"ऱ्हाऊ दे, डॉरिस," तो म्हणाला. "पिऊ नये लिवलंय. म्हंजे कोनतरी पितं, हे त्यांना मान्य हाय."

या वेळी तो हसला नाही. मीही नाही. कापलेल्या खोडावर आमचा शनिवारचा विडा तसाच होता, सुकलेला.